फोनवरची खिंड

१

सिंगापूरमधल्या पुंगोलच्या त्या सोळा मजली ब्लॉकमध्ये नंदा पेडणेकर लिफ्ट सोडून जिन्याने चढते, ही गोष्ट महिनाभरात सगळ्यांना ठाऊक झाली. सकाळी सहाला पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाच-पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या, आणि तळापासून सोळाव्या मजल्यापर्यंत चार खेपा. उतरताना मात्र लिफ्ट. गुडघे चढण्यासाठी राखून ठेवायचे होते.

बाराव्या मजल्यावरच्या लिम आंटींनी पहिल्याच आठवड्यात जिन्याचं दार किलकिलं करून विचारलं, "लिफ्ट स्पॉइल आ?"

"नो, आंटी. ट्रेनिंग."

"फॉर व्हॉट?"

"माउंटन."

लिम आंटींनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. सपाट रस्ते, सपाट पाणी, एलआरटीच्या छोट्या आगगाडीचा रूळ. "सिंगापूर व्हेअर गॉट माउंटन?" असं पुटपुटत त्यांनी दार लावून घेतलं.

डोंगर होता तो स्वित्झर्लंडमध्ये. अकरा वर्षांपूर्वी नंदा आणि उल्हास एका टूरबरोबर तिकडे गेले होते. बसमध्ये चिवड्याच्या पुड्या फिरत होत्या, मागच्या बाकांवर गाण्यांच्या भेंड्या चालल्या होत्या, आणि नंदाला खिडकीतून दूर एक पांढऱ्या केसांची बाई दिसली. दोन्ही हातांत काठ्या घेऊन ती एकटीच दोन शिखरांमधल्या खिंडीकडे चढत होती. वळण येईपर्यंत नंदा तिच्याकडे बघत राहिली. तेव्हा ती काहीच बोलली नाही. रॅफल्स प्लेसच्या बँकेतली बावीस वर्षांची नोकरी संपवून घरी आली, त्या रात्री जेवताना म्हणाली, "मला ती खिंड चालून ओलांडायचीय. एका दिवसात. एकटीने."

"एकटीने कशाला? मी येतो की," उल्हास म्हणाला.

"तुम्ही चौतीस वर्षं समुद्रावर होतात. तेव्हा मी कुणाबरोबर होते?"

सत्तावन्न वर्षांच्या आपल्या बायकोकडे उल्हास पाहत राहिला, आणि त्याला वाईट वाटण्याऐवजी एकदम छाती भरून आल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी खालच्या कॉफीशॉपमध्ये त्याने दोन-तीन जणांना सांगूनही टाकलं. "माय वाईफ. आल्प्स. अलोन."

२

त्यांची मुलगी श्रिया सत्तावीस वर्षांची, त्यांच्याबरोबरच राहणारी. तिने बजावलं, "आई, अलोन जा, ओके. पण लाइन ओपन ठेव. बाबा विल गो मॅड, यू नो."

तर असं ठरलं. नंदा गावातून निघाल्यापासून पलीकडच्या गावात बस पकडेपर्यंत फोन चालू राहील, सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला अडकवलेल्या पाकिटात. नंदाची अट एकच होती.

"ऐकायचं. बोलायचं नाही. 'सांभाळून' तर अजिबात म्हणायचं नाही. एकदा म्हणालात की फोन बंद."

जुलैतला शनिवार होता. तिकडे सकाळचे साडेसहा, पुंगोलमध्ये दुपारचे साडेबारा. चौदाव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये उल्हासने जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकवून फोन उभा केला.

"निघाले," नंदा म्हणाली.

"हं."

मग बुटांचा आवाज सुरू झाला. बारीक खडीवर क्रर्, क्रर्, आणि मधे काठ्यांची टोकं, टक्, टक्. जवळून वाहणारा ओढा. गाईंच्या गळ्यातल्या मोठ्या घंटा, आधी उजवीकडे, मग मागे. अधूनमधून नंदा एखादं वाक्य टाकायची. "पिवळी पाटी. खिंड चार तास दहा मिनिटं." तासाभराने, "दुसरी पाटी. तीन तास. म्हणजे मी पाटीच्या दहा मिनिटं पुढे आहे."

"शाब्बास," उल्हास म्हणाला. एवढं चालण्यासारखं होतं.

एकतीस वर्षांच्या संसारात त्याने तिचं चालणं असं कधी ऐकलं नव्हतं. उजवं पाऊल ती जोरात टाकत होती, डावं जपून, कारण डावा गुडघा कुरकुरत असे. चढ लागला की काठ्या आधी आणि बूट मागून. वळणावर एक काठी थांबायची. तासाभरात त्याला तिची चाल पाठ झाली. डाळ शिजत होती, खिडकीखालून एलआरटी जात होती, शेजारच्या फ्लॅटमध्ये माहजाँगच्या सोंगट्या खळखळत होत्या आणि या सगळ्याच्या वर त्याची बायको आल्प्स चढत होती.

३

उल्हासच्या कानाबद्दल इथे सांगायला हवं. तो जहाजावर चीफ इंजिनिअर होता. इंजिन रूममध्ये कान बधिर होतील एवढा गदारोळ असतो, पण त्या गदारोळातून एखाद्या बेअरिंगची कुरबुर तो अलार्म वाजायच्या तीन दिवस आधी ओळखायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. हाताखालची पोरं म्हणायची, चीफसाहेबांना इंजिनाच्या पोटातलं ऐकू येतं. याचा त्याला अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसे.

दुपारी सव्वातीनला तो भेंडी चिरत होता. तिकडे सव्वानऊ. "झाडं संपली," असं नंदा दहा मिनिटांपूर्वी म्हणाली होती. घंटा मागे राहिल्या होत्या. आता फक्त बूट, काठ्या आणि तिचा श्वास.

टक्, क्रर्. टक्, क्रर्. टक्, क्रर्. थप्.

सुरी थांबली.

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, बुटाच्या आवाजाच्या जरा मागून, थप्.

पाण्याची बाटली असेल, त्याने मनाशी म्हटलं. सॅकवर आपटत असेल. पण बाटली असती तर तिच्या पावलागणिक आपटली असती. हा आवाज तिच्या पावलाशी जुळत नव्हता. तिची दोन पावलं होईपर्यंत तो एकदाच यायचा, म्हणजे ढांग लांब होती. मग तो फोनमधला प्रतिध्वनी असेल. एवढ्या लांबून येणारा आवाज, कुठेतरी मागे राहून पुन्हा येत असेल. पण मग काठ्यांचा टक् का दोनदा येत नाही? बुटाचा क्रर् का येत नाही?

त्याने भेंडी बाजूला सारली. पंखा बंद केला. खिडक्या लावल्या, तशी एलआरटी आणि माहजाँग दोन्ही बाहेर राहिले. ड्रॉवरमधून जुने वायरवाले इअरफोन काढून त्याने फोनला लावले आणि डोळे मिटले.

थप्. थप्. थप्.

ओला नव्हता, कोरडाही नव्हता. काहीतरी सपाट, मऊ, जड. असा आवाज त्याने पूर्वी कुठेतरी ऐकला होता, पण कुठे ते आठवेना.

४

कुठलाही बिघाड असला की आधी चाचणी घ्यायची, ही त्याची सवय.

"नंदा, जरा थांब. पाणी पिऊन घे."

"बोलायचं नाही असं ठरलंय."

"एवढंच. पाणी पी."

बूट थांबले. काठ्या थांबल्या. झाकण फिरवल्याचा आवाज आला. आणि त्या शांततेत, मागून, थप्. थप्. थप्. तीन. मग तेही थांबलं.

एसी लावलेला नव्हता, खिडक्या बंद होत्या, तरी हातावरचे केस उभे राहिले.

आवाज शक्य तेवढा साधा ठेवून त्याने विचारलं, "वाटेत कुणी भेटलं का?"

फक्त वारा ऐकू येत होता. मग झाकण पुन्हा बंद झालं.

"नाही," नंदा म्हणाली. "अख्खा डोंगर माझ्या एकटीचा आहे."

त्या वाक्यात तिचा ताठ कणा ऐकू येत होता. ती पुढे निघाली. टक्, क्रर्. आणि दोन-तीन क्षणांनी मागून ते निघालं.

आता सांगायचं की नाही, हा प्रश्न होता. मागे वळून बघ, एवढे तीन शब्द. पण मघाशीच ती म्हणाली होती, वाट हातभर रुंद आहे, डावीकडे थेट खाली ओढा दिसतो. जहाजावर शिडी चढणाऱ्या माणसाला खालून हाक मारत नाहीत. दचकून तो मान वळवतो आणि हात सुटतो. आणि सांगायचं तरी काय? दहा हजार किलोमीटरवर मिठाच्या बरणीशेजारी बसून आपल्याला तिच्या मागे कुणाचीतरी पावलं ऐकू येतात, असं? दुसरा कुणी गिर्यारोहक असेल. पण गिर्यारोहक असेल तर तो 'हॅलो' म्हणून पुढे निघून जाईल. ती पाणी प्यायला थांबल्यावर थांबणार नाही.

त्याने तासभर वाट पाहिली. कुणी 'हॅलो' म्हटलं नाही.

५

साडेचारला श्रिया पोहून परत आली. ओले केस, खांद्यावर बॅग. बंद खिडक्या आणि टेबलाशी डोळे मिटून बसलेला बाप बघून ती दारातच थांबली.

"बाबा, व्हाय सो हॉट इन हिअर? आई ओके ना?"

उल्हासने एक इअरफोन तिच्या हातात दिला. "ऐक. आणि बोलू नकोस."

तिने मिनिटभर ऐकलं. "लॅग आहे, बाबा. नेटवर्क एको."

"बरं. अजून ऐक."

फोनमध्ये नंदाचा आवाज आला. "बर्फ लागलाय. फार नाही, शंभरेक पावलं असतील. टाचा रोवून जाते."

आणि आवाज बदलले. खडीचा क्रर् गेला. काठ्यांचा टक् गेला. बर्फात सगळंच बुडालं, कापसात पाय टाकावा तसा फस्, फस् एवढाच पत्ता राहिला. उल्हासने जीव मुठीत धरून कान दिला. बर्फावर ते तरी ऐकू येऊ नये.

थप्.

दगडावर आला होता तसाच. तेवढाच स्वच्छ. खाली बर्फ असल्याची त्याला खबरच नसल्यासारखा.

थप्. थप्.

त्याच क्षणी उल्हासला आठवलं तो आवाज कुठे ऐकला होता. पहाटे डेक धुणारा एक वयस्क खलाशी होता, पायात कधीच काही घालत नसे. लोखंडी डेकवरून तो चालत यायचा तेव्हा असाच आवाज व्हायचा. अनवाणी पायांचा.

श्रियाने इअरफोन काढून टेबलावर ठेवला, हळूच, गरम वस्तू ठेवावी तसा. ती बापाकडे बघत होती. लहानपणी ताप भरला की बघायची तशी.

"दॅट्स नॉट एको," ती अगदी हळू म्हणाली. "बाबा, तिला सांगू या?"

"नाही."

"मग?"

"ती थांबणार नाही. आणि मागे फिरायला आता मागची वाट मोकळी नाही."

६

खिंडीच्या खाली शेवटचा चढ मुरमाचा होता. सुटे दगड, पाय ठेवला की सरकणारे. त्यात धुकं उतरलं. नंदाने तेवढंच सांगितलं, "धुकं आलंय. दगडांवरच्या लाल-पांढऱ्या खुणा दिसतायत, एक सोडून एक." श्वास जोरात यायला लागला. आणि थप् जवळ यायला लागलं. आधी पंधरा-वीस हातांवर होतं, आता पाच-सात.

उल्हासने ठरवलेलं मोडलं. तो बोलायला लागला. तिच्या कानात आपला आवाज भरला की दुसरं काही तिथे मावणार नाही, एवढाच विचार.

"नंदा, तुला एक सांगायचं राहिलंय. एकोणीसशे नव्व्याण्णव. आफ्रिकेच्या किनाऱ्याला होतो. इंजिन रूममध्ये आग लागली होती."

टक्, क्रर्.

"धुरात हात दिसत नव्हता. मी आणि इंजिनावरचा एक खलाशी, मोटरमन, आत होतो. त्याला पुढे घालून मी शिडीच्या पायऱ्या मोजत वर आलो. एकवीस. पंधराव्या पायरीवर वाटलं, बस, इथपर्यंतच. संध्याकाळी बंदरातून तुला फोन केला. आठवतं काय म्हणालो?"

दगड सरकल्याचा आवाज आला. श्रियाने टेबलाची कड धरली. मग काठी रोवल्याचा टक्.

"'सगळं ठीक,'" नंदा धापा टाकत म्हणाली. "तेच म्हणायचात."

"तेच."

टक्, क्रर्. टक्, क्रर्. मग तुटक तुटक म्हणाली, "त्याच आठवड्यात. श्रियाला ताप. झटके आले. आंग मो किओच्या जुन्या घरी. आपल्या मजल्यावर लिफ्ट थांबायची नाही. मी तिला घेऊन. आठ मजले उतरले. धावत."

"आणि मी फोन केला तेव्हा?"

"मीपण म्हटलं. सगळं ठीक."

श्रिया दोघांचं ऐकत होती. हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. उल्हास बोलत राहिला. वादळं, बंद पडलेली इंजिनं, कधीही कुणाला न सांगितलेली भीती. आयुष्यात एवढं सलग तो बायकोशी बोलला नव्हता. आणि बोलता बोलता त्याचा कान, तो मेला सवयीचा कान, मागचं मोजतच होता. तीन हात. दोन हात.

७

सव्वापाचला वाऱ्याचा आवाज एकदम मोकळा झाला, बंद खोलीतून गच्चीवर यावं तसा.

"पोचले," नंदा म्हणाली. "खिंड."

श्रियाने तोंडावर हात धरला. उल्हासचे डोळे भरून आले. त्या क्षणी भीती कुठल्या कुठे गेली. तांदळाच्या पिशव्या, चार-चार खेपा, सहा महिने, आणि आता दोन हजार सहाशे मीटरवर त्याची बायको उभी होती. "पोचलीस," एवढंच तो म्हणाला.

फोनवर 'टिंग' झालं. तिने फोटो काढून पाठवला होता. लाल टोपी, धुक्याने ओले झालेले केस, मागे लाकडी खांबावरची पिवळी पाटी. ती हसत होती, पण ओठ घट्ट मिटून.

थप्.

तिच्या शेजारी. उल्हास टेबलापासून मागे सरकला.

वारा. बराच वेळ नुसता वारा. मग नंदा बोलली. आवाज नेहमीचा, बँकेत काउंटरवर रांगेतल्या माणसाशी बोलावा तसा. शांत, सभ्य.

"तुम्ही व्हा पुढे."

उल्हासला वाटलं, ती त्याला म्हणतेय, गोष्ट पुढे सांगा. तो म्हणणार होता, "हं, तर मग..." पण तोंड उघडायच्या आत तिचे बूट दोन पावलं बाजूला सरकले. वाट सोडून दगडांवर.

आणि ते गेलं. थप्, थप्, फोनच्या इतक्या जवळून की इअरफोनमध्ये त्याला कापडाचं घासणंही ऐकू आलं. थप्, थप्. मग पुढे. उताराला.

तिला माहीत होतं. पहिल्यापासून. पाणी प्यायला थांबली तेव्हाही, अख्खा डोंगर माझा आहे म्हणाली तेव्हाही.

थोड्या वेळाने तिच्या काठ्या वाजल्या. ती त्याच्या मागून निघाली होती.

"नंदा," उल्हासने विचारलं, "सगळं ठीक?"

"सगळं ठीक," नंदा म्हणाली.

८

उतरायला तीन तास लागले. श्रियाने खिडक्या उघडल्या, भाताचा कुकर लावला, बंद केला. कुणी जेवलं नाही. बाहेर अंधारलं आणि समोरच्या ब्लॉकमधले दिवे एकेक करून लागले.

फोनमध्ये क्रम बदलला होता. आता थप् आधी आणि बूट मागून. आणि एक गोष्ट उल्हासच्या लक्षात आली, जिचा त्याला अजूनही उलगडा झालेला नाही. खाली उतरता उतरता ते दमत होतं. ढांग आखूड होत गेली. मधेच एखादं पाऊल फरफटायचं. नंदाचे बूट मात्र तसेच, उजवा जोरात, डावा जपून. ती त्याच्यापेक्षा चांगली चालत होती. एवढ्या भीतीतही उल्हासला त्याचा अभिमान वाटला.

पुन्हा घंटा ऐकू आल्या. झाडांतला वारा आला. मग नंदा म्हणाली, "गुरांसाठीचं फाटक आहे. त्याच्यापुढे डांबरी रस्ता आणि बसचा थांबा."

थप् थांबलं. फाटकाशी.

नंदाचे बूट पुढे झाले. खिटी निघाली, बिजागर करकरलं. सॅक घेतलेल्या बाईला फाटकातून जायला तीन सेकंद लागतात. उल्हासने मोजलं. फाटक अकरा सेकंद उघडं होतं. मग लोखंडावर लोखंड आपटलं आणि खिटी बसली.

डांबरी रस्त्यावर तिचे बूट वेगळे वाजायला लागले, टणक आणि मोकळे. काठ्या तिने मिटून टाकल्या होत्या. एक, दोन, तीन, चार. फक्त बूट. श्रियाने श्वास सोडला, इअरफोन काढला आणि टेबलावर डोकं टेकलं. पाच, सहा, सात.

थप्.

पुन्हा मागे. डांबरावर अगदी स्पष्ट.

उल्हासने श्रियाकडे पाहिलं नाही. बस आली, ब्रेकचा फुस्कारा झाला, पायरीवर तिचे दोन बूट वाजले. दरवाजा लगेच बंद झाला नाही. जरा वेळाने झाला.

"बसले," नंदा म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, अगदी मोकळं. "ठेवते आता. केलं हो मी."

"केलंस," उल्हास म्हणाला.

९

दहा दिवसांनी ती घरी आली. लिम आंटींनी लिफ्टच्या दारातच तिचा हात धरला. "वा, सॉलिड, यू." कॉफीशॉपमधल्या माणसांनी उल्हासकडून तो फोटो इतक्यांदा पाहिला की शेवटी ते स्वतःच म्हणायला लागले, "येस, येस, युवर वाईफ, अलोन." श्रियाने फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला. नंदा येता-जाता त्याच्याकडे बघायची. नाकाच्या शेंड्याचं कातडं सोलवटलं होतं, तेही ती मिरवत होती.

महिनाभर दोघांपैकी कुणी विषय काढला नाही. मग एका दुपारी चहा घेताना नंदाने काढला.

"तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

"हो."

"मला ठाऊक होतं. तुम्ही पाणी पी म्हणालात तेव्हाच. सांगितलं नाहीत म्हणून बरं झालं. मला परत फिरावं लागलं असतं."

"तू पाहिलंस?"

नंदाने कप बशीत ठेवला. "उतरताना फक्त टाचा. भेगा पडलेल्या, पांढऱ्या, चुन्यासारख्या. खिंडीपलीकडे बर्फाचा एक पट्टा होता. त्या टाचा त्याच्यावरून गेल्या आणि खाली काही उमटलं नाही. माझ्या बुटांचे ठसे उमटत होते."

"वर पाहिलं नाहीस?"

"गुडघ्याच्या वर धुकं होतं. नव्हतं तेव्हाही पाहिलं नाही."

एलआरटी खालून गेली.

"फाटकापाशी मी नुसती खिटीकडे बघत उभी राहिले," नंदा म्हणाली. "फाटक धरून ठेवलं, मग लावलं. कोण कुठल्या बाजूला राहिलं ते मी बघितलं नाही. ते एक डोक्यातून जात नाही." तिने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं. सत्तावन्न वर्षांची ती बाई, जिने एकतीस वर्षं त्याला काही विचारलं नव्हतं. "तुमचा कान पक्का आहे. फाटकाच्या पुढे मी एकटी होते ना? म्हणजे निदान तेवढं तरी माझं एकटीचं?"

"एकटीच होतीस," उल्हास म्हणाला. "बसपर्यंत. फक्त तुझे बूट."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे सैल झाले. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि उठून कप विसळायला गेली. पाठ ताठ, मान वर.

घरात नंदा अनवाणी चालते. आपल्या लोकांच्या सगळ्याच घरांत चालतात. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून बाल्कनीतल्या कुंड्यांपाशी, फरशीवरून थप्, थप्. उल्हास त्या दुपारपासून रेडिओ लावून ठेवतो. सकाळी उठल्याबरोबर लावतो. कुठलंही स्टेशन चालतं, तमिळ, चिनी, बातम्या, जाहिराती. श्रिया हसते, नंदा वैतागते.

"अहो, जरा कमी करा की. कानठळ्या बसतायत."

तो आवाज थोडासा कमी करतो. बंद करत नाही.